‘किमान एक’ दिसलं की थांबा: संभाव्यतेतल्या या चुका टाळा

दहावीत संभाव्यता सोपी वाटते. अकरावीत परम्युटेशन-कॉम्बिनेशन (मांडणी आणि निवड किती प्रकारे होते याची मोजणी) सुरू झालं की तीच पोरं म्हणतात, “सर, सूत्र कुठलं लावायचं तेवढं सांगा.” सूत्र चुकलेल्या वह्या मला फारशा दिसत नाहीत. मोजणी चुकलेल्यांचा ढीग असतो, आणि चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात जास्त बळी घेतो तो ‘किमान’ हा शब्द. नेहमीचं गणित घ्या: 5 पुरुष आणि 4 स्त्रियांमधून तिघांची समिती, किमान एक स्त्री हवीच. पोरांचं ठरलेलं असतं: चौघींतून एक घेतली, 4 प्रकार; उरलेल्या 8 जणांतून कुणीही दोघं, 28 प्रकार; गुणाकार 112. एकदा एक मुलगा वही घेऊन तावातावाने आला. पुस्तकात उत्तर 74 दिलंय, ती छपाईची चूक आहे, कारण सगळ्या ग्रुपचं 112 येतंय. मी एवढंच विचारलं, “अट काढून टाक. मग समित्या किती?” त्याने 9 मधून 3 निवडायचे प्रकार काढले: 84. अट नसताना 84 आणि अट घातल्यावर 112! तरी गडी हटेना. “पण पद्धत तर बरोबर आहे ना, सर?”

मग गणित लहान केलं. अजय, विजय, सीमा, नीता. दोघांची समिती, किमान एक स्त्री. त्याच्या पद्धतीने 2 × 3 = 6. म्हटलं, नावं लिही. सीमा-अजय, सीमा-विजय, सीमा-नीता, नीता-अजय, नीता-विजय... पुढे ‘नीता-सीमा’ लिहिताना पेन अडलं. ही समिती आधीच वर लिहिलेली होती. मूळ गणितातही हेच होतं. एकच स्त्री असलेल्या 40 समित्या एकदा, दोन स्त्रिया असलेल्या 30 दोनदा आणि तिघीही स्त्रिया असलेल्या 4 समित्या तीनदा मोजल्या जातात: 40 + 60 + 12 = 112. सरळ रस्ता असा, की 84 मधून एकही स्त्री नसलेल्या 10 वजा करा, 74. ‘किमान एक’ वाचलं की मी आधी ‘एकही नाही’ मोजतो. आणि उत्तर पटत नसेल तर आकडे लहान करून यादी लिहितो. यादी लिहायला पोरांना कमीपणा वाटतो, का कोण जाणे. सीईटीच्या तयारीवाल्यांना तर वेळच नसतो. निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून ठोकून मोकळे. पेपर काढणाऱ्यालाही ही चूक ठाऊक असते, त्यामुळे पर्यायांत 112 असणारच.

‘आणि’ आलं की गुणा, ‘किंवा’ आलं की मिळवा, ही युक्ती ज्याने कुणी पसरवली त्याला माझा कोपरापासून नमस्कार. बदाम किंवा राजा मिळण्याची संभाव्यता? 13 + 4 = 17, म्हणून 17/52. बदामचा राजा दोनदा मोजला गेला. खरं उत्तर 16/52. पत्त्यांवरून आठवलं: घरी पत्ते कधी हातात घेतले नसतील, तर एक जोड विकत आणा. एक्का हा चित्राचा पत्ता नव्हे, हे पाठ करण्यापेक्षा पाहिलेलं बरं.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे निष्पत्ती (शक्य निकाल) समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या आहेत का, हे न बघता भागाकार करणं. दोन फासे, बेरीज 2 ते 12, म्हणजे 11 शक्यता, म्हणून 7 येण्याची संभाव्यता 1/11! बेरीज 2 एकाच प्रकारे येते, 7 सहा प्रकारे, उत्तर 6/36. दालांबेर या मोठ्या फ्रेंच गणितज्ञानेही 1754 मध्ये असाच घोळ घातला होता. नाणं दोनदा उडवून किमान एक छापा यायची संभाव्यता त्याने 2/3 सांगितली. पहिल्यालाच छापा आला तर खेळ संपला, म्हणून छापा, काटा-छापा आणि काटा-काटा अशा तीनच शक्यता त्याने धरल्या. पण त्यातली पहिली बाकीच्या प्रत्येकीच्या दुप्पट वजनाची आहे; खरं उत्तर 3/4. मी वर्गात एक रुपयाचं आणि एक पाचाचं नाणं वापरतो, फासे एक लाल, एक पांढरा. वस्तू वेगळ्या दिसल्या की छापा-काटा आणि काटा-छापा वेगळे मोजले जातात. आणि 6/36 चं 1/6 शेवटच्या ओळीपर्यंत करू नका. छेदात 36 दिसत राहिला की मोजणी तपासता येते.

बाकीच्या चुका किरकोळ, पण मार्क तेवढेच जातात. तीन अंकी संख्या बनवताना शतकस्थानी शून्य बसवणं. पहिला चेंडू परत पिशवीत टाकला की नाही, हे न वाचणं. सलग पाच छापे आले म्हणून ‘आता काटा येणारच’ म्हणणं. संभाव्यता 1 पेक्षा जास्त आली तरी दुहेरी रेघ मारून पुढे जाणं. आणि वर क्रम धरून, खाली क्रम सोडून मोजणं: दोन पत्ते काढले, दोन्ही राजे, तर अंशात 4 × 3 आणि छेदात 1326 (52 मधून 2 निवडायचे प्रकार). अंशात 12 धरायचे तर छेदात 52 × 51 घ्या, छेदात 1326 ठेवायचे तर अंशात 6; दोन्हीकडून 1/221 च येतं.