एक कॉम्प्युटर, नऊ पोरं: उबुंटूवर प्रत्येकाला वेगळी खोली

आमच्या लालबागच्या चाळीत तळमजल्याला अभ्यासिका आहे. तिथल्या जुन्या पीसीवर मी उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी, फुकट मिळणारी लिनक्स सिस्टिम) टाकून दिलं आणि सगळी पोरं एकाच अकाउंटवरून बसायला लागली. महिनाभरात डेस्कटॉपवर ‘नोट्स’, ‘नोट्स नवीन’, ‘नोट्स नवीन फायनल’ आणि ‘हात लावू नये’ अशी फोल्डरं जमली. मग कोणीतरी ‘हात लावू नये’ला हात लावला, एकीचं सायन्सचं प्रोजेक्ट उडालं आणि भांडण माझ्या दारात आलं. त्या रविवारी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून नऊ अकाउंटं केली. माउसनेही होतात, पण टर्मिनलवर नेमकं काय होतंय ते दिसतं आणि चुकलं तर कुठे चुकलं ते कळतं.

कमांड मी पोरांना जशा बोलून सांगतो तशाच इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप मात्र इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या. जिथे कॅपिटल लागतं तिथे तसं सांगेन.

आधी नावं ठरवा. युजरनेम इंग्रजी छोट्या अक्षरांत हवं. देवनागरी चालत नाही, कॅपिटलही उबुंटू नाकारतं. आमच्याकडे दोन ओंकार, म्हणून खोलीचा नंबर जोडला: ओंकार१२ आणि ओंकार३१. स्पेलिंग मुलांनाच विचारा, रोज तेच टाइप करणार आहेत. आता पहिलं अकाउंट:

सुडो ॲडयुजर ओंकार१२

सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने. आधी तुमचा स्वतःचा पासवर्ड मागेल, मग नव्या युजरसाठी पासवर्ड दोनदा विचारेल. हा नवा पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. मी पहिल्याच मुलाला पासवर्ड टाकायला बसवलं तर तो म्हणाला, “दादा, की-बोर्ड गेला वाटतं.” आणि एंटरवर बोट आपटत राहिला. की-बोर्ड ठीक असतो. निमूट टाइप करायचं आणि एंटर मारायचं.

पुढे पूर्ण नाव, रूम नंबर, ऑफिसचा फोन, घरचा फोन असं विचारतं. रूम नंबर विचारणारा कॉम्प्युटर पाहून वाटलं, हे कोणीतरी चाळीतच बसून लिहिलंय. खरं तर या रकान्याचं नाव जेकोस, जनरल इलेक्ट्रिकच्या एका जुन्या सिस्टिमवरून पडलेलं. बेल लॅब्स या अमेरिकन प्रयोगशाळेत युनिक्स (लिनक्सची पूर्वज सिस्टिम) वापरणारे त्या सिस्टिमच्या मशीनकडे प्रिंटची कामं पाठवायचे, त्यासाठी लागणारी माहिती या रकान्यात असायची. तुम्ही पूर्ण नाव भरा, खोली नंबर हवा तर भरा, फोन मात्र रिकामे सोडा. ही माहिती ज्या फाइलीत जाते ती मशीनवरचा कोणीही वाचू शकतो.

एवढ्यात बरंच काही होऊन जातं. युजरला नंबर मिळतो, त्याच्या नावाचा ग्रुप बनतो, /होम/ओंकार१२ हे त्याचं स्वतःचं फोल्डर, म्हणजे त्याची खोली, तयार होतं आणि /ईटीसी/स्केल (एस, के, ई, एल) या फोल्डरमधलं सगळं त्यात कॉपी होतं. स्केल म्हणजे नव्या खोलीत आधीपासून लावून ठेवलेलं सामान. त्यात मी अभ्यासिकेच्या नियमांची एक फाइल ठेवली, ती प्रत्येकाच्या घरात आपोआप गेली. पण आधीच्या अकाउंटात ती पोचत नाही, म्हणून स्केल भरायचं ते अकाउंट करण्याआधी.

नेटवर ‘युजरॲड’ अशीही कमांड दिसेल. शब्द उलटे, काम तेच, पण ही मुकी आहे. काही विचारत नाही, पासवर्ड लावत नाही, आणि उबुंटूवर -एम दिल्याशिवाय होम फोल्डरही करत नाही. सानिकाचं अकाउंट करताना माझा एकदा -एम राहिला. अकाउंट होतं, खोलीच नव्हती. अशा वेळी अकाउंट उडवायची गरज नाही:

सुडो एमकेहोमडिर_हेल्पर सानिका

(सुरुवातीची एम आणि के ही सुटी अक्षरं, पुढे होमडिर, अंडरस्कोर, हेल्पर.) यात खोली बनते, स्केलचं सामानही येतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या घराण्यात ॲडयुजर आणि युजरॲड एकच आहेत, तिथे वरचे प्रश्न येणार नाहीत.

झालेलं काम तपासा:

गेटएंट पासडब्ल्यूडी ओंकार१२

पासवर्डच्या स्पेलिंगमधून ओ आणि आर गाळले की पासडब्ल्यूडी. एक ओळ येईल, कोलनने तोडलेले सात भाग: नाव, एक्स, युजरचा नंबर, ग्रुपचा नंबर, जेकोस, होमचा पत्ता आणि शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम). एक्सच्या जागी पूर्वी पासवर्डच असायचा, आता तो शॅडो नावाच्या वेगळ्या फाइलीत हॅश होऊन, म्हणजे परत वाचता न येणाऱ्या रूपात, बसतो. नीट बघायचा तो तिसरा भाग. ॲडमिनचा बाप रूट, त्याचा नंबर ०. माणसांचे नंबर १००० पासून. फाइल कोणाची हे कॉम्प्युटर याच नंबरावर ठरवतो, नाव आपल्यासाठी. चाळीतही आडनाव विसरलं तरी ‘तेरा नंबरवाले’ म्हटलं की भागतं.

पोरांना मी सोपा पासवर्ड लावून दिला आणि पहिल्या लॉगिनला बदलायची सक्ती केली:

सुडो सीएच-एज -डी ० ओंकार१२

ही कमांड जोडून लिहायची: सी, एच, ए, जी, ई.

दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येतं का? उबुंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डरची परवानगी ७५० असते, म्हणजे बाहेरच्याला बंद. त्याआधी ७५५ होती आणि कोणीही कोणाचंही वाचू शकायचं. मशीन जुनं असेल तर हे चालवून घ्या:

सुडो सीएचमॉड ७५० /होम/ओंकार१२

सामायिक नोट्ससाठी एक गॅलरीही लागते. ग्रुप केला, फोल्डर केलं, ग्रुपच्या नावावर लावलं:

सुडो ॲडग्रुप अभ्यास
सुडो एमकेडीआयआर /होम/नोट्स
सुडो सीएचजीआरपी अभ्यास /होम/नोट्स
सुडो सीएचमॉड २७७० /होम/नोट्स

२७७० मधला पहिला २ महत्त्वाचा. त्यामुळे आत बनणारी प्रत्येक नवी फाइल ‘अभ्यास’ ग्रुपची होते. बाहेरून आणलेली फाइल कॉपी करा, मूव्ह करू नका. मूव्ह केलेली फाइल आपला जुना ग्रुप घेऊनच येते आणि मग “मला उघडत नाही” सुरू होतं. आता मुलांना ग्रुपात घ्या:

सुडो युजरमॉड -एजी अभ्यास ओंकार१२

यात ए छोटा, जी कॅपिटल. हा ए कधीच विसरू नका. तो म्हणजे ‘आहेत त्यात भर घाल’. तो गाळला तर आधीचे जोडलेले सगळे ग्रुप जाऊन हा एकच उरतो. मी स्वतःच्या अकाउंटवर हे केलं, सुडो ग्रुपमधून बाहेर पडलो आणि रिकव्हरी मोडमधून परत यावं लागलं. तेही पोरं मागे उभी राहून बघत असताना. ग्रुप बदलल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत यायला सांगा, तोवर फरक दिसत नाही.

एका आईने सांगितलं, बारावी होईपर्यंत याचं अकाउंट बंद ठेव. त्यासाठी सुडो पासडब्ल्यूडी -एल आणि पुढे नाव. उघडायला एलच्या जागी यू. आत बसलेल्याला मात्र हे बाहेर काढत नाही, त्याला आधी उठवा.

अकाउंट काढण्यात माझी खरी फजिती झाली. चाळीतलं एक कुटुंब बदलापूरला गेलं. मी त्यांच्या मुलाचं अकाउंट काढलं, फोल्डर तसंच ठेवलं, म्हटलं येईल कधी तर लागेल. त्याचा नंबर १००६ मोकळा झाला. पुढच्या आठवड्यात नवी मुलगी आली, ॲडयुजरने पहिला रिकामा नंबर उचलला: १००६. ती म्हणाली, “दादा, हे दुसऱ्याचं फोल्डर मला कसं उघडतंय?” एलएस -एल (फाइलींची मालकाच्या नावासकट यादी) करून बघितलं तर त्या मुलाच्या प्रत्येक फाइलीपुढे मालक म्हणून हिचं नाव. हिने कोणाची कडी काढली नव्हती. नंबर तोच, म्हणून कुलूप उघडलं.

तेव्हापासून फोल्डर ठेवायचं असेल तर आधी ते रूटच्या नावावर करतो, मग अकाउंट काढतो:

सुडो सीएचओन -आर रूट:रूट /होम/जुनानाव
सुडो डेलयुजर जुनानाव

आर कॅपिटल. सीएचओन म्हणजे सी, एच, ओ, डब्ल्यू, एन. जुनानावच्या जागी अर्थात खरं युजरनेम. फोल्डर नकोच असेल तर डेलयुजरला --बॅकअप आणि --रिमूव्ह-होम जोडा, गठ्ठा बांधून खोली मोकळी होते. बेवारस फाइली शोधायला:

सुडो फाइंड / -नोयुजर

गणपतीत तो मुलगा बदलापूरहून आला आणि थेट अभ्यासिकेत जाऊन बसला. त्याच नावाने ॲडयुजर चालवलं, त्याने कुरकुर केली की हे होम आधीपासून आहे आणि या युजरचं नाही. अकाउंट झालं, नंबर मिळाला १०१०. मग पुन्हा सीएचओन -आर, या वेळी रूटच्या जागी त्याचं नाव, कोलन, त्याचं नाव. लॉगिन केल्यावर त्याने सगळ्यात आधी उघडलं ते ‘नोट्स नवीन फायनल’.