रिचार्जेबल सेलचा चार्जर निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

रिचार्जेबल सेल वर्षभरातच बसले, अशी तक्रार करण्यापूर्वी ते कोणत्या चार्जरमध्ये चार्ज होत होते हे पाहावे. चांगला निकेल-मेटल हायड्राइड सेल (घरगुती रिचार्जेबल सेलचा नेहमीचा प्रकार) शेकडो वेळा चार्ज होईल अशा रीतीने बनवलेला असतो. तो अकाली खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा भरून झाल्यानंतरही चार्जर तासन्‌तास चालू राहिलेला असतो. सेलमध्ये वीज भरणे कोणत्याही चार्जरला जमते. ती भरून झाली हे ओळखून थांबणे अवघड आहे, आणि दोनशे रुपयांच्या व हजार-दीड हजार रुपयांच्या चार्जरमधला खरा फरक बहुधा याच ठिकाणी असतो.

पहिली आणि सर्वांत धोक्याची चूक म्हणजे सेल खाचेत बसला की तो चार्जर त्याच्यासाठीच आहे असे समजणे. आकारावरून आतले रसायन कळत नाही. रिमोटमध्ये घालतो तो रिचार्जेबल पेन्सिल सेल आणि ‘१४५००’ या नावाने मिळणारा लिथियम-आयन सेल यांची उंची व जाडी जवळजवळ सारखीच असते, पण पहिला १.२ व्होल्टचा आणि दुसरा ३.७ व्होल्टचा, चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जाणारा. सौर दिव्यांत येणारा लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल याच आकारात ३.२ व्होल्टचा असतो आणि त्याची मर्यादा ३.६५ व्होल्ट आहे. तो साध्या लिथियम-आयन चार्जरमध्ये घातला तर त्याला मर्यादेपलीकडे चार्ज केले जाते. सर्व प्रकारचे सेल चालतात असे लिहिलेले चार्जर सेलच्या सुरुवातीच्या व्होल्टेजवरून त्याचा प्रकार ठरवतात. मात्र आयर्न-फॉस्फेट आणि साधा लिथियम-आयन यांतला फरक त्यांना अशा रीतीने खात्रीने ओळखता येत नाही, म्हणून तो प्रकार बटण दाबून आपणच निवडावा लागतो. अलीकडे मिळणाऱ्या १.५ व्होल्टच्या लिथियम पेन्सिल सेलमध्ये आतच व्होल्टेज कमी करणारे सर्किट असते. ते त्यांच्यासोबत आलेल्या चार्जरवर किंवा त्यांच्या स्वतःच्या यूएसबी खाचेतूनच चार्ज करावेत. साधे अल्कलाइन सेल तर चार्जरमध्ये मुळीच घालू नयेत; ते फुगतात आणि त्यांतून गळणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड चार्जरचे पत्रे खाऊन टाकते.

आता थांबण्याविषयी. निकेल-मेटल हायड्राइड सेल भरत आला की येणारी वीज साठण्याऐवजी तिची उष्णता होऊ लागते, सेल गरम होतो आणि त्याचे व्होल्टेज शिखरावर जाऊन किंचित, अवघे काही मिलिव्होल्ट, खाली येते. चांगला चार्जर ही घसरण टिपतो, जोडीला तापमानावर लक्ष ठेवतो आणि चार्जिंग बंद करतो. मात्र करंट फार कमी असेल तर ही घसरण इतकी पुसट होते की चार्जरला ती दिसत नाही. त्यामुळे हळू चार्ज केले म्हणजे सेल जास्त टिकतो, हा समज अशा हुशार चार्जरच्या बाबतीत उलटा ठरू शकतो. २००० एमएएचच्या (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचे माप) पेन्सिल सेलला अशा चार्जरमध्ये ५०० ते १००० मिलिअँपिअर आणि ८०० एमएएचच्या बारीक सेलला ३०० ते ४०० मिलिअँपिअर हा माझ्या मते योग्य पल्ला आहे.

स्वस्त चार्जरमध्ये हे काहीच नसते. त्यातला लाल दिवा वीज चालू असल्याचे सांगतो, सेल भरल्याचे नाही. असा चार्जर वापरायचाच असेल तर हिशेब आपण करावा: २००० एमएएचच्या रिकाम्या सेलला २०० मिलिअँपिअरने १० नव्हे, १४ ते १६ तास लागतात, कारण भरलेल्या विजेचा काही भाग वाया जातो. काही चार्जरमध्ये ठरावीक तासांनी बंद होणारा टायमर असतो आणि तो बरा वाटतो, पण आपल्याकडे ग्रामीण भागात त्याची एक मोठी अडचण आहे. वीज गेली की टायमर विसरतो आणि ती परत आली की पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. रात्रीत दोनदा लोडशेडिंग झाले, तर नऊ तासांनी बंद व्हायला हवा होता तो चार्जर भरलेल्या सेलमध्ये आणखी कितीतरी तास वीज ओतत राहतो. जिथे वीज वारंवार जाते तिथे टायमरवाला चार्जर घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. व्होल्टेज पाहून थांबणारा चार्जर अशा वेळी पुन्हा सुरू झाला तरी थोड्याच वेळात सेल भरलेला असल्याचे ओळखतो.

दुकानात चार्जर पाहताना एक साधी परीक्षा करता येते. त्यात एक किंवा तीन सेल घालून चार्जिंग सुरू होते का, हे विचारावे. दोन किंवा चार सेलच चालतात असे उत्तर आले, तर तो सेलच्या जोड्या एकामागे एक जोडून चार्ज करतो. जोडीतल्या दोन्ही सेलना सारखीच वीज मिळते. त्यामुळे ज्याच्यात आधीच अर्धी वीज शिल्लक होती तो लवकर भरतो आणि दुसरा भरेपर्यंत तापत राहतो. प्रत्येक खाचेला वेगळा दिवा आणि वेगळे नियंत्रण असलेला चार्जर महाग असला तरी तोच घ्यावा. वापरतानाही जुने व नवे सेल एका उपकरणात एकत्र घालू नयेत, कारण अशक्त सेल आधी संपतो आणि उरलेले सेल त्याच्यातून उलट्या दिशेने वीज ढकलतात.

लिथियम-आयन सेलची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे चुकीला माफी कमी आहे. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते त्या भागांत पाणी द्यायला जाणाऱ्यांच्या टॉर्चमध्ये आता ‘१८६५०’ सेल सर्रास दिसतो. नावाप्रमाणे तो १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. या आकाराच्या बहुतेक खऱ्या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास किंवा त्याखालीच संपते. वेष्टनावर ६८०० किंवा ९९०० छापलेले असेल तर तो आकडा खोटा आहे, आणि आकडा खोटा छापणाऱ्याने आतला माल चांगला भरला असेल असे मानायला जागा नाही. घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, आयएस १६०४६ हे मानक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा.

या सेलचा चार्जर आधी ठरावीक करंटने आणि ४.२ व्होल्ट गाठल्यावर ते व्होल्टेज स्थिर ठेवून घटत्या करंटने चार्ज करतो, आणि करंट पुरेसा उतरला की बंद होतो. टॉर्चसोबत आलेल्या चार्जरची शंका असेल तर मल्टिमीटरने पूर्ण चार्ज झालेला सेल मोजावा. ४.१५ ते ४.२ व्होल्ट ठीक, ४.२५च्या वर गेला तर तो चार्जर वापरातून काढून टाकावा. छोट्या ‘१०४४०’ सेलला एक अँपिअरने चार्ज करू नये, कारण त्याची क्षमताच साधारण ३५० एमएएच असते. वेष्टन फाटलेला सेल चार्जरमध्ये घालू नये. सेलचा संपूर्ण डबा ऋण टोक असतो आणि वरच्या धन टोकाशी त्याचे अंतर एका पातळ कडीएवढेच असते. तिथे वेष्टन फाटले की शॉर्ट सर्किट व्हायला वेळ लागत नाही.

उन्हाळ्याचाही विचार करावा. बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच चार्ज करावेत असे उत्पादक सांगतात, आणि विदर्भात मे महिन्यात सावलीतले तापमानच तेवढे होते. अशा दिवसांत पहाटे, उघड्या फरशीवर, गादी-पडद्यांपासून दूर आणि घरात कोणी जागे असताना चार्जिंग करावे.

काही अडचणी वारंवार येतात. चार्जर सेल ओळखतच नसेल तर आधी दोन्हींचे पत्रे कोरड्या कापडाने पुसावेत. तरीही ओळखत नसेल तर व्होल्टेज मोजावे. निकेल सेल अगदी तळाला गेला असेल तर मंद गतीने थोडा वेळ चार्ज करून तो पुन्हा जिवंत होऊ शकतो, परंतु २ व्होल्टच्या खाली जाऊन बराच काळ पडून राहिलेल्या लिथियम-आयन सेलला दुसऱ्या सेलचा आधार देऊन जागे करण्याचे जे प्रयोग व्हिडिओंत दाखवतात ते करू नयेत. त्याच्या आतले तांबे विरघळलेले असू शकते आणि पुढे चार्ज करताना आतच शॉर्ट होतो. सेल काही मिनिटांतच ‘फुल’ दाखवत असेल आणि उपकरणात लगेच संपत असेल, तर त्याचा अंतर्गत रोध वाढलेला आहे, म्हणजे तो म्हातारा झाला आहे. चार खाचांचा यूएसबी चार्जर फार हळू चालत असेल तर तो बिघडला असेलच असे नाही. प्रत्येक खाचेत एक अँपिअर द्यायला त्याला सतराएक वॅट लागतात, आणि मोबाइलचा ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर दहाच वॅट देतो. चार्जिंगच्या शेवटी निकेल सेल कोमट होणे स्वाभाविक आहे. हातात धरवत नाही इतका तापत असेल तर त्याला ताबडतोब बाहेर काढावे.

कामातून गेलेल्या लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी आणि तो घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर टाकू नये. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि त्या घरच्या कचऱ्यापासून वेगळ्या ठेवण्याची आपल्यावर. जवळच्या ई-कचरा केंद्रात त्या जमा करता येतात.