पहिला नमुना लावण्याआधी: औषधपातळी मोजण्याच्या दोन पद्धतींच्या तुलनेची तयारी
प्लाझ्मातलं (रक्तद्रवातलं) औषध आजवर इम्युनोअसेवर (अँटिबॉडीने औषध ओळखणाऱ्या चाचणीवर) मोजत होता आणि आता एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या पद्धतीवर) जायचं ठरलंय, तर सगळ्यात आधी एक आकडा कागदावर लिहा आणि खाली तारीख टाका: दोन पद्धतींत किती फरक चालेल? हा आकडा संख्याशास्त्रातून येत नाही, रुग्णाच्या डोसवरून ठरतो. फेनिटॉइन या अपस्माराच्या औषधाची नेहमीची उपचार-पातळी मिलिलिटरला 10 ते 20 मायक्रोग्रॅम. नवी पद्धत दर वेळी 2 ने जास्त दाखवत असेल, तर 19 चे 21 होतात आणि डोस कमी करण्याचा विचार सुरू होतो. सहसंबंध गुणांक (दोन रीडिंग एकत्र वर-खाली होतात का, एवढंच सांगणारा आकडा) तरीही 1 च येईल. त्याच्या भरवशावर पद्धत बदलू नका.

नमुने किमान 40 हवेत, तेही खऱ्या रुग्णांचे. औषध मिसळून तयार केलेल्या प्लाझ्मात मेटाबोलाइट (शरीरात औषधापासून बनणारे पदार्थ) नसतात. कार्बामाझेपिन या अपस्माराच्याच औषधाचा इपॉक्साइड हा मेटाबोलाइट काही इम्युनोअसे औषध समजूनच मोजतात, आणि नेमकं हेच आपल्याला पकडायचंय. बहुतेक नमुने मधल्या पातळीचे मिळतात, म्हणून अगदी खालचे आणि वरचे आतापासून साठवा. नळी एकाच प्रकारची ठेवा. रक्तपेशी वेगळ्या करणारं जेल असलेल्या नळीत फेनिटॉइन शोषलं जाऊन पातळी घटू शकते. प्रत्येक नमुन्याचे तीन भाग करा. दोन भाग दोन पद्धतींवर, त्याच दिवशी, दोन-दोनदा लावा. सगळं काम किमान 5 दिवसांत विभागा. डुप्लिकेट नसेल, तर फरक पद्धतीचा की नुसता रीडिंगचा, हे सांगता येत नाही.

विश्लेषणही आधीच ठरवा. पहिला आलेख ब्लँड-ऑल्टमनचा: सरासरीसमोर फरक. पातळीबरोबर फरक वाढत असेल तर टक्क्यांत मांडा. सरासरी फरकाच्या दोन्ही बाजूंना 1.96 प्रमाण विचलनाच्या मर्यादा काढल्या की त्यांचे विश्वास-अंतरालही (खरी मर्यादा कुठून कुठपर्यंत असू शकते ती कक्षा) काढाच. 40 नमुन्यांवर प्रत्येक मर्यादा दोन्ही बाजूंना अर्ध्या प्रमाण विचलनाहून जास्त सरकू शकते. दोन पद्धतींचं नातं दाखवणाऱ्या रेषेसाठी डेमिंग किंवा पासिंग-बॅब्लॉक रिग्रेशन घ्या, कारण साधं रिग्रेशन जुन्या पद्धतीत चूक नाहीच असं धरून चालतं. जोडीच्या टी-चाचणीत (फक्त सरासरी फरक तपासणाऱ्या) फरक दिसला नाही म्हणून खूश होऊ नका, वरचे-खालचे फरक एकमेकांना खाऊन टाकतात. मोजमापाच्या खालच्या मर्यादेखालचं रीडिंग शून्य धरू नका.

तिसरा भाग उणे 70 अंशांवर. एखादा नमुना भलताच निघाला, तर तो खोडायचा नाही, हा भाग काढून पुन्हा लावायचा. आणि त्या रुग्णाला आणखी कोणती औषधं चालू होती, हे तेव्हा शोधत बसण्यापेक्षा नमुना घेतानाच लिहून ठेवा.