ग्रास कटर पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवताना : इंधनाची तयारी

कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत ग्रास कटरचे काम साधारण जुलैत सुरू होते आणि वणव्याच्या धास्तीने केली जाणारी शेवटची साफसफाई डिसेंबरपर्यंत उरकते. त्यानंतर यंत्र मांगरात खुंटीला लागते ते थेट पुढच्या पावसाळ्यात खाली उतरते. मधल्या सहा-सात महिन्यांत टाकीतले उरलेसुरले पेट्रोल मे महिन्याचा उकाडा आणि मृगाची दमट हवा दोन्ही सोसते. जुलैत दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी यंत्र दाद देत नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. म्हणून खरी तयारी यंत्र ठेवतानाच करावी.

पेट्रोलमधला हलका, चटकन पेट घेणारा भाग आधी उडून जातो आणि उरलेल्या भागाचा हवेशी संयोग होऊन राळेसारखा चिकट थर तयार होतो. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल धरते, आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाण्यासकट पेट्रोलपासून फुटून तळाशी बसते. टू-स्ट्रोक यंत्राला, म्हणजे ज्यात वंगणाचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते त्या यंत्राला, हा प्रकार फार घातक ठरतो, कारण टाकीतली नळी तळातूनच इंधन उचलते आणि त्या थरात ऑइल जवळजवळ नसते. अशा इंधनावर यंत्र चालले तर वंगण न मिळाल्याने पिस्टन सिलिंडरला घासून जाम होऊ शकतो.

ठेवण्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करावी, मग यंत्र सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, आणि थंड झाल्यावर चोक लावून दोरी आणखी काही वेळा ओढावी, म्हणजे कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) अडकलेले थेंबही निघून जातील. टाकी भरलेली ठेवली तर डायफ्राम (कार्बोरेटरमधला पातळ पडदा) सुकत नाही असे काही मेकॅनिक सांगतात. परंतु इथेनॉलयुक्त पेट्रोल आणि कोकणची हवा लक्षात घेता रिकामी टाकीच मला अधिक सुरक्षित वाटते. फ्लोटचा (पेट्रोलच्या वाटीत तरंगता गोळा असलेला) कार्बोरेटर असलेल्या पाण्याच्या पंपात किंवा जनरेटरमध्ये पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीखालचा स्क्रू सैल करावा व साचलेले पेट्रोल काढून घ्यावे. टाकी पत्र्याची असेल तर आत ऑइलचा पातळ हात फिरवणे आवश्यक आहे, नाहीतर ती रिकामी राहून गंजते. हे सारे काम उघड्यावर, चूल, विडी आणि विजेच्या ठिणगीपासून दूर करावे, आणि काढलेले पेट्रोल विहिरीजवळ किंवा वहाळात न ओतता झाकणबंद कॅनमधून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

एखाद्या वर्षी हे राहून गेले असेल, तर पावसाळ्यात दोरीला हात लावण्याआधी टाकीतले पेट्रोल पारदर्शक काचेच्या बरणीत काढून काही वेळ स्थिर ठेवावे. ताज्या पेट्रोलचा उग्र, नाकात चढणारा वास जाऊन जुन्या वॉर्निशसारखा आंबूस वास येत असेल, किंवा बरणीच्या तळाशी वेगळी रेघ दिसत असेल, तर त्यात नवे पेट्रोल मिसळून वेळ मारून नेऊ नये; ते सगळे काढून टाकावे. टाकीतला फिल्टर बाहेर ओढून पाहावा, नळी कडक झाली असेल किंवा प्रायमरचा (पेट्रोल ओढण्यासाठी बोटाने दाबायचा) रबरी फुगा तडकला असेल तर बदलावा. त्यानंतरही यंत्र सुरू होत नसेल तर कार्बोरेटर उघडावा लागतो. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, काढून उजेडासमोर धरल्यास सुईच्या टोकाएवढे छिद्र स्वच्छ गोल दिसले पाहिजे. ते बुजलेले असेल तर कार्बोरेटर क्लीनर मारून भिजू द्यावे, आणि फारच चिवट थर असेल तर विजेच्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार हलक्या हाताने फिरवावी. लोखंडी तार किंवा सुई मुळीच घालू नये, कारण जेट पितळेचे असते. छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी पेट्रोल जादा जाऊन यंत्र कायमचे धूर ओकू लागते.

पेट्रोल-ऑइलचे नवे मिश्रण धातूच्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्येच करावे आणि महिनाभरात संपेल एवढेच करावे. ऑइलचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे घ्यावे: २५:१ सांगितले असेल तर लिटरला ४० मिलिलिटर, ५०:१ असेल तर २० मिलिलिटर. कॅनवर तारीख आणि प्रमाण खडूने न लिहिता चिकटपट्टीवर लिहून लावावे, कारण बागेत कॅन अनेकांच्या हाती जातो आणि फोर-स्ट्रोक पंपात (ज्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे नसते) चुकून ऑइलचे पेट्रोल पडते. ओतण्यापूर्वी कॅन दरवेळी हलवावा. फिल्टर, नळी, प्लग आणि डायफ्रामचा संच मे महिन्यातच आणून ठेवावा. जुलैत सगळ्यांचीच यंत्रे एकदम बाहेर निघतात आणि तालुक्याच्या दुकानात त्याच चार वस्तू आधी संपतात.