पायाची सूज बघत बसू नका, बीपी मोजा: शेवटच्या महिन्यांतल्या या चुका टाळा

गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात जोडवी रुतायला लागली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "मीठ बंद कर, पाणी बेतानं पी." सांगणाऱ्याच्या मनात माया असते, पण पाणी तोडून ही सूज जात नाही. वाढलेल्या गर्भाशयाचा भार पायांकडून येणाऱ्या शिरांवर पडतो, म्हणून संध्याकाळी पाय सुजतात. डाव्या कुशीवर झोपलं, पाय उशीवर घेतले की सकाळपर्यंत बरीच सूज उतरते. पापड, लोणचं, फरसाण आवरावं हे खरं, पण अळणी जेवल्यानं गरोदरपणातला बीपीचा आजार टळत नाही. मेडिकलमधून लघवीची गोळी आणून सूज उतरवणं तर नकोच. घरगुती काढ्यात ज्येष्ठमध असेल तर तोही नको, त्यानं बीपी वाढतं.

मुख्य चूक म्हणजे सुजेवरून बीपीचा अंदाज बांधणं. पाय अजिबात सुजलेले नसतानाही बीपी 160 वर गेलेलं असू शकतं. 20 आठवड्यांनंतर चार तासांच्या अंतरानं दोनदा 140/90 किंवा त्याहून जास्त आलं, तर डॉक्टरांना कळवायचं आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं. 160/110 आलं तर उद्याची वाट न बघता तडक दवाखाना. वाहन नसेल तर 108 ला फोन करा.

सुजेकडे बघायचंच तर ती कुठे आहे ते बघा. सकाळी उठल्यावर चेहरा आणि पापण्या सुजल्यात, डोहाळजेवणात भरलेल्या बांगड्या दोन दिवसांत हातात फिरेनाशा झाल्या, आठवड्यात किलोपेक्षा जास्त वजन वाढलं, तर लगेच तपासून घ्या. एकच पाय सुजून दुखत असेल तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. तो पाय चोळू नका, त्याच दिवशी दाखवा.

"पित्त झालं असेल"

आपल्या घरांत हे वाक्य फार घात करतं. डोकं ठणकतं, उलटी होते, छातीखाली उजव्या बाजूला दुखतं: तिन्हीला आपण पित्तच म्हणतो. मग कोकम सरबत, पित्ताची गोळी, डोक्याला बाम आणि अंधाऱ्या खोलीत झोप. पण शेवटच्या तिमाहीत हीच तिन्ही लक्षणं बीपी मेंदूला आणि यकृताला इजा करू लागल्याची असू शकतात. डोळ्यांपुढे काजवे चमकणं, अंधुक दिसणं, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं हीही त्यातलीच. पुढची पायरी झटक्यांची, म्हणजे फिट येण्याची. म्हणून सातव्या महिन्यानंतर "पित्त" म्हणण्याआधी बीपी मोजायचं, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा, सासूबाईंना आणि आईलासुद्धा.

मोजताना पट्टा ब्लाउजच्या घट्ट बाहीवर बांधू नका. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा. हात छातीच्या उंचीला. मध्ये बोलू नका. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, नाहीतर आकडा उगाच जास्त येतो.

बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी थांबवू नका, ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा ही औषधं डॉक्टर गरोदरपणात देतात. पण आधीपासून टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल, तर ती बाळाला घातक आहेत. तसं असेल तर आजच डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्या.

माहेरी जाताना

पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी गाव बदलते आणि फाइल सासरीच राहते. नव्या डॉक्टरांपुढे मग आधीच्या बीपीचा एकही आकडा नसतो. कार्ड, रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी पिशवीत सगळ्यांत आधी ठेवा आणि पोचल्यावर आशाताईंकडे नाव नोंदवा. सरकारी केंद्रात दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते.

आणि बाळ झालं म्हणजे सुटलो, असं समजू नका. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढू शकतं, झटके त्यानंतरही येऊ शकतात. नेमकी तेव्हाच घरात पाचवीच्या पूजेची गडबड असते आणि सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. त्या दिवशी बाळंतीण "डोकं दुखतंय" म्हणाली, तर पूजा थांबवा आणि आधी तिचं बीपी बघा.