पोरगं लंगडतंय? उपकेंद्रात आधी काय बघायचं

आशाताई, सिस्टर, सगळ्यांसाठी लिहितेय. आमच्या जत भागात पोराचा गुडघा दुखतोय म्हटलं की आई म्हणते पडला असेल, आणि आपणही तेल लावा सांगून मोकळे होतो, असं प्लीज नका करू. आधी विचारा, सकाळी उठल्यावर आखडतो का, जिना चढताना, कपडे घालताना त्रास होतो का, आणि आधी जमायचं ते आता जमेना असं काही झालंय का, हे शेवटचं तर नक्कीच, कारण बारकी पोरं दुखतंय असं सांगतच नाहीत, नुसती खेळायची बंद होतात.

मग अनवाणी चालवा, टाचांवर, चवड्यांवर पण. दोन्ही गुडघ्यांना हात लावा, एक गरम किंवा सुजलेला लागतो का. गुडघाच दुखतो म्हणाला तरी खुबा फिरवून बघाच, खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. जमिनीवर बसवून उठायला सांगा, मांड्यांवर हात टेकत टेकत उठला तर स्नायूंत ताकद कमी असू शकते, डॉक्टरांकडे पाठवा.

रात्री दोन्ही पाय दुखतात पण सकाळी हुंदडतोय, लंगडत नाही, तर बहुतेक वाढीचं दुखणं, चोळलं की थांबतं.

पण ताप आहे आणि पाय टेकवतच नाही, तर त्याच दिवशी मिरज सिव्हिल गाठा, सांध्यात पू झाला असेल तर सांधा कायमचा खराब होतो. वजन उतरतंय, अंगावर निळे डाग येतायत, तरी थांबू नका.