विशेष मुलांचा वर्ग लावताना या चुका टाळा

नवा वर्ग हाती आला की सगळा उत्साह आधी भिंतींवर उतरतो. फळांचे तक्ते, मुळाक्षरं, छताला टांगलेली फुलपाखरं. बघायला आलेले पालक खूश होतात. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला मात्र यातलं काय बघायचं आणि काय सोडायचं हेच उमगत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बालवाडीची मुलं सजवलेल्या आणि मोकळ्या, अशा दोन्ही प्रकारच्या खोल्यांत शिकली. मोकळ्या खोलीत चाचणीतली ५५ टक्के उत्तरं बरोबर आली, सजवलेल्या खोलीत ४२ टक्के. फळ्याची भिंत कोरी ठेवा. इतर भिंतींवर या आठवड्यात लागणारं तेवढंच लावा आणि ते मुलाच्या नजरेच्या उंचीवर असू द्या. ती उंची गुडघ्यांवर बसल्याशिवाय कळत नाही.

‘दर दोन मिनिटांनी उठतो’ अशी तक्रार असेल तर आधी मुलाच्या पायांकडे बघा. पाय लोंबकळत असले की तोल सावरण्यातच त्याची ताकद जाते. तळवे पूर्ण टेकलेले हवेत, गुडघे आणि कंबर साधारण काटकोनात आणि टेबल कोपराच्या उंचीला. खुर्ची उंच असेल तर जुन्या वह्यांचा गठ्ठा चिकटपट्टीने घट्ट बांधून पायाखाली द्या; तो सरकू नये म्हणून खाली रबरी चटईचा तुकडा ठेवा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलाची बैठक मात्र थेरपिस्टकडूनच ठरवून घ्या.

सर्वांत जास्त घोळ होतो तो चित्र-वेळापत्रकात, म्हणजे दिवसाची कामं क्रमाने चित्रांत दाखवणाऱ्या पट्टीत. पहिल्याच दिवशी दहा चित्रांची पट्टी लागते, मूल तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि आठवडाभरात ‘याला चित्रं कळत नाहीत’ असा निकाल लागतो. बहुतेकदा चित्राची पायरी चुकलेली असते. काहींना खरी वस्तूच लागते, म्हणजे खाण्याच्या वेळेसाठी डबा आणि खेळासाठी चेंडू. त्यानंतर फोटो, मग रेखाचित्र, शब्द सर्वांत शेवटी. सुरुवात दोनच चित्रांनी करा: ‘आधी’ आणि ‘मग’. ‘मग’मध्ये मुलाच्या आवडीचं काहीतरी हवं. काम संपलं की ते चित्र मुलानेच काढून ‘झालं’च्या डब्यात टाकायचं, हे काम ताई करत राहिल्या तर पट्टी केवळ शोभेची होते. वेल्क्रोची कुठली बाजू पट्टीवर आणि कुठली चित्रांवर हे एकदाच ठरवा, नाहीतर वर्षाच्या मध्यावर निम्मी चित्रं चिकटत नाहीत. ‘बदल’ असं एक वेगळं चित्रही ठेवा आणि ते पहिल्यांदा वापरा ते आनंदाच्या बदलासाठी. पहिलाच बदल खेळाचा तास रद्द झाल्याचा निघाला, तर पुढे ते चित्र दिसताच रडारड ठरलेली.

मूल गोंधळलं की निवांत बसायला शांत कोपरा चांगलाच, पण ‘जा, तिकडे बस’ हे रागात एकदा जरी म्हटलं तरी तो शिक्षेचा कोपरा होतो. आडोसा इतकाच उंच ठेवा की उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला मूल दिसत राहील. दार नको, कडी तर नकोच. एक उशी आणि हाताळायच्या दोन-तीन वस्तू पुरेत. मूल दिवसभर तिथेच दडत असेल तर कोपऱ्याला दोष देण्याआधी ते कुठल्या कामातून आणि किती वाजता उठून गेलं हे पाच दिवस लिहून काढा. अवघड काम नेमकं कुठलं, ते त्या नोंदींतून सापडतं.

कान झाकणारं मूल कदाचित ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण ऐकत असेल, जिला आपले कान केव्हाच सरावले आहेत. खुर्च्या सरकताना आवाज होऊ नये म्हणून त्यांच्या पायांना फेल्टचे (जाड, मऊ कापडाचे) तुकडे चिकटवा. टेनिसचे चेंडू कापून बसवण्याची युक्ती जुनी असली तरी त्यात लॅटेक्सच्या ॲलर्जीचा धोका असतो. सुगंधी फवारे वर्गात नकोत.

व्हीलचेअरसाठी दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी आणि वळायला १५० सेंटिमीटर व्यासाची जागा. मापं दार उघडून, वर्ग भरलेला असताना घ्या, कारण ही जागा खातात ती जमिनीवरची दप्तरं.

राहिला संवाद-फलक, म्हणजे चित्रांवर बोट ठेवून आपलं म्हणणं सांगायचा फलक. तो कपाटात असेल तर ज्या मुलाला बोलता येत नाही त्याचा आवाजच कपाटात बंद आहे. तो खेळाच्या आणि खाण्याच्या जागीही हवा. आणि ताईंनी स्वतः बोलतानाही त्यावर बोट ठेवायचं, मग मनात दहापर्यंत मोजत थांबायचं.